अठरा पोरी, तीन सामने आणि एक चादर

मी फुटबॉलमधली नाही, हे आधीच सांगून टाकते. कोल्हापुरात राहून असं म्हणणं म्हणजे पंढरपुरात राहून एकादशी माहीत नाही म्हणण्यासारखं आहे, पण खरं आहे. आमच्या घरात फुटबॉल पुरुषांच्या ताब्यात. इथे फुटबॉलचे संघ तालमींचे असतात; सासरे एका तालमीचे, दीर दुसऱ्या तालमीकडे झुकलेले. शाहू स्टेडियमवर त्या दोघांची मॅच असली की संध्याकाळी घरातला एक तरी माणूस उपाशी झोपतो. मी फक्त ताटं वाढायची आणि झाकायची.

तर अशी मी, एका मुलींच्या संघाची ‘मॅनेजर’ म्हणून आठवडाभर मुंबईला जाऊन आले. झालं असं की, मुलींच्या संघाबरोबर एक तरी बाई हवीच असते आणि नेहमी जाणाऱ्या ताईंच्या मुलाची दहावी निघाली. गल्लीतले सर दारात उभे राहून म्हणाले, “काकू, तुम्ही काही करायचं नाही. नुसतं यायचं.” नुसतं यायचं याचा अर्थ आता मला पक्का कळलाय.

मुलींची नावं लिहीत नाही. त्यांच्या घरची माणसं वाचतील आणि कोण रडलं, कुणी किती वडापाव खाल्ले याचा हिशोब मागतील. जर्सीच्या नंबरावर भागवते. तशीही आठवड्यानंतर मला त्या नंबरांनीच आठवतात.

निघताना

आमच्या गटात सहा संघ. प्रत्येकाशी एकदा खेळायचं, म्हणजे अख्खा हंगाम पाच सामन्यांचा! त्यातले दोन डिसेंबरात इकडेच झाले होते, एक जिंकला, एक हरला. उरलेले तीन मुंबईत एकाच आठवड्यात लावलेले. कारण उघड आहे, तीनदा जायचे पैसे कुणाकडे नाहीत. वर्षभर पहाटे साडेपाचला उठून सराव करायचा तो या पाच दुपारांसाठी.

फेब्रुवारीचा शेवट होता. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघालो. मिरज येईपर्यंत भडंगाच्या दोन पिशव्या संपल्या. सांगलीच्या पुढे सरांनी दिवे बंद करायला लावले आणि त्यानंतर तासभर अंधारात नुसती खसखस. कीपर मात्र हातमोजे उशाशी घेऊन सगळ्यांच्या आधी झोपली. कागलकडची पोरगी, वडील ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर. ती बोलते कमी, झोपते जास्त आणि गोलात उभी राहिली की तिचा आवाज पार कॉर्नरच्या झेंड्यापर्यंत जातो.

पहिला दिवस : आधार

मुक्काम भायखळ्याला एका संस्थेच्या हॉलमध्ये. गाद्या होत्या, पंखे होते, बाथरूम दोन. अठरा पोरींना दोन बाथरूम म्हणजे पहिल्या दिवसापासून वहीत नंबर लावावे लागले.

अकरा वाजता कागदपत्रांची तपासणी होती आणि नऊ वाजता चार नंबरच्या लक्षात आलं की आपलं आधार कार्ड घरी राहिलंय. फोटो मोबाइलमध्ये आहे, झेरॉक्स आहे. पण तपासणाऱ्यांना मूळ कार्ड हवं होतं. चार नंबर म्हणजे आमची मधली बॅक, बचावाचा खांब. पोरगी भिंतीला टेकून बसली ती हलेना. सर डोक्याला हात लावून उभे.

इथे मात्र काकू कामाला आल्या. मी तिच्या भावाला फोन लावला, म्हटलं, आज रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे पाकीट दे, गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा मोबाइल मला पाठव. कोल्हापूरची माणसं मुंबईतल्या पोराला चपलेपासून तुपाच्या डब्यापर्यंत सगळं असंच पाठवतात. तपासणाऱ्या बाईंना हात जोडले, उद्या सामन्याआधी मूळ कार्ड दाखवते म्हणून सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि “सामन्याच्या एक तास आधी, नंतर नाही” म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी सायनच्या पुलाखाली ट्रॅव्हल्सची वाट बघत उभी होते. ड्रायव्हरने पाकीट दिलं, वर विचारलं, “कुठली मॅच? कूपरेजला? पोरींची? जिंका म्हणावं.”

*कुणी असा संघ घेऊन जाणार असेल तर : मूळ कागदपत्रं मुलींकडे ठेवायचीच नाहीत. निघायच्या आदल्या दिवशी सगळी गोळा करायची, एका फाइलीत, नंबराप्रमाणे. झेरॉक्सचे दोन संच आणि पासपोर्ट फोटो वेगळे. नोंदणी आता ऑनलाइन असली तरी टेबलावर बसलेला माणूस कागदच मागतो.*

दुसरा दिवस : कूपरेज

कूपरेजचं फुटबॉल मैदान मंत्रालयाच्या बाजूला, नरिमन पॉइंटच्या उंच इमारतींच्या कुशीत. आत पाऊल टाकलं आणि पोरी गप्प झाल्या. हिरवंगार, सपाट, एकही खड्डा नाही. सात नंबरने वाकून हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. कृत्रिम गवत. दुपारचे अडीच वाजलेले. तव्यावर हात ठेवल्यासारखं.

आमच्या पोरी मातीतल्या. मातीवर चेंडू उसळतो, थांबतो, कधी दगा देतो, त्याची त्यांना सवय. इथे चेंडू कापडावरून घरंगळावा तसा सरळ जात राहिला आणि आमचे पास दर वेळी दोन हात पुढे. समोरचा संघ याच मैदानांवर वाढलेला. वीस मिनिटांत दोन गोल. मध्यंतरात मुली बाकाजवळ आल्या तेव्हा त्यांचे तळवे लाल झालेले. बूट काढले की आतून रबराचे काळे दाणे सांडत होते. मी उसाच्या रसाच्या गाड्यावरून बर्फ आणला, बादलीत टाकला, चार-चार जणींनी आळीपाळीने पाय बुडवले. कीपरने रसाचा भाव विचारला आणि तेवढ्या तापातही म्हणाली, “बापाला टनाला काय मिळतंय आन् हितं एका ग्लासाला काय घेत्यात!”

शेवट ०-४. चौथा गोल झाला तेव्हा मी घड्याळाकडे बघत होते, अजून अकरा मिनिटं होती. ती अकरा मिनिटं फार लांब गेली.

त्या सामन्यात मला एक नाद लागला, प्रेक्षक मोजायचा. शाहू स्टेडियमवर तालमींची मॅच असली की हजारांनी माणसं असतात, शिट्ट्या, हलगी, गच्चीगच्चीवर लोक. इथे मी बाकावरून मोजले, तेवीस. त्यात दोघे सुरक्षारक्षक आणि एक डबा खाणारा माणूस धरला तर.

त्या तेविसांत एक आजोबा होते. पांढरी टोपी, हातात घडी केलेला पेपर. सामना संपल्यावर हळूहळू उतरून आमच्या बाकाशी आले. लहानपणी रोव्हर्स कप बघायला वडिलांच्या खांद्यावर बसून इथेच यायचे, म्हणाले. रोव्हर्स कप १८९१चा, कित्येक वर्षं मुंबईच्या फुटबॉलची दिवाळीच होती ती. आता तो बंद पडून जमाना झाला. आजोबांनी कीपरला विचारलं, “परवा बांद्र्याला खेळणार ना? त्या मैदानाला नाव कुणाचं आहे, माहीत आहे?” तिला माहीत नव्हतं. आम्हा कुणालाच नव्हतं. “नेव्हिल डिसोझा. मेलबर्न ऑलिम्पिक, १९५६. ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच घरात ४-२, त्यातले तीन याचे. त्या वेळी आपण चौथे आलो होतो, चौथे!” बोटं दाखवून म्हणाले. मग कीपरच्या खांद्यावर थोपटून, “चार खाल्लेस, पण सहा वाचवलेस. मी मोजत होतो.”

मी तेवीस माणसं मोजत बसले होते, तेव्हा हे गृहस्थ तिने वाचवलेले गोल मोजत होते.

तिसरा दिवस : धुणं

सुट्टीचा दिवस. सकाळी जवळच्या एका मैदानावर हलका सराव होता. तिथे कपडे बदलायला खोली नव्हती, आणि जे स्वच्छतागृह होतं त्याला कडी नव्हती. पोरींनी न बोलता पिशवीतून सोलापुरी चादर काढली. दोघींनी दोन टोकं धरली, भिंतीच्या कोपऱ्याला आडोसा झाला, एकेक जण आत जाऊन बदलून आली. अठरा जणींचं सात-आठ मिनिटांत उरकलं. इतकी सवय! मी विचारलं, ही चादर नेहमी असते का? दहा नंबर म्हणाली, “काकू, बॉल विसरला तर चालंल, चादर नाही.” मला त्या चादरीचं कौतुक वाटलं आणि रागही आला, दोन्ही एकदम.

दुपारी जर्सी धुतल्या. हॉलच्या गच्चीवर दोऱ्या बांधल्या. निळ्या जर्सी आणि गडद निळ्या चड्ड्या. मागच्या वर्षापर्यंत आमच्या संघाच्या चड्ड्या पांढऱ्या होत्या. यंदा मुलींनीच सरांना सांगून बदलून घेतल्या. कोण सांगणार यावर महिनाभर खल झाला होता म्हणे, शेवटी सात नंबरने इंग्लंडच्या महिला संघाची बातमी मोबाइलवर दाखवली. त्यांनीही २०२३मध्ये पांढऱ्या सोडून निळ्या घेतल्या, पाळीच्या दिवसांत खेळताना मनात धाकधूक नको म्हणून. सरांनी बातमी वाचली, कान लाल झाले आणि दुसऱ्या दिवशी नवी ऑर्डर दिली. आमचे सर भला माणूस आहे, फक्त काही गोष्टी त्यांना इंग्लंडमार्गे सांगाव्या लागतात.

संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. सगळ्यांनी फोटो काढले, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. जेवणाबद्दल मात्र आहे. हॉलवरचा डबा चांगला होता, पण भाजीत गूळ. दोन दिवस पोरींनी सहन केलं. तिसऱ्या रात्री चार नंबरने पिशवीतून कांदा-लसूण मसाल्याची पुडी काढली आणि ताटं फिरली. डबेवाल्या मावशींनी चिमूटभर चाखून बघितला, पाणी प्यायल्या आणि “खेळता कशा तुम्ही हे खाऊन?” म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्याच मावशींनी पुडी मागून घेतली.

*सामन्याच्या दिवशी मात्र मसाला बंद. सकाळी पोहे किंवा इडली, सामन्याच्या तीन तास आधी वरण-भात, मग केळी. कृत्रिम गवतावर खेळायचं असेल तर लांब स्टडचे (तळाला खुंट्या असलेले) बूट पायात गुंततात, आखूड आणि जास्त स्टडचे घ्यावेत. मोज्यांचे दोन जोड, टाचेला व्हॅसलिन, वर चिकटपट्टी. मध्यंतरात बर्फ लागतोच, कुठून आणायचा ते आधी बघून ठेवावं. आणि पॅडचं पाकीट मॅनेजरच्या पिशवीत उघड्यावर ठेवावं, कुणाला मागायला लागू नये.*

चौथा दिवस : बांद्रा

भायखळ्याहून लोकलने दादर, तिथे पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, मग बांद्रा. अठरा पोरी, चेंडूंची जाळी, बादली आणि मी. महिलांच्या डब्यात चढलो तेव्हा सकाळची गर्दी ओसरली होती, अकरानंतरच निघायचं हा धडा पहिल्याच दिवशी घेतला होता. डब्यात टिकल्या विकणाऱ्या बाईने जाळी बघून विचारलं, “व्हॉलीबॉल?” फुटबॉल म्हटल्यावर तिने प्रत्येकीकडे निरखून पाहिलं. बांद्र्याला उतरल्यावर पोरींना खरा आनंद झाला तो रिक्षा दिसल्याचा. तीन दिवस त्या विचारत होत्या की मुंबईत रिक्षा का नाहीत. असतात, पण बांद्र्यापासून पुढे.

समुद्राचा वारा होता, ऊन कमी होतं आणि आता पोरींना गवताचा अंदाज आला होता. तिसाव्या मिनिटाला सात नंबर उजवीकडून सुटली, दोघींना मागे टाकलं आणि आडवा चेंडू दिला, दहा नंबरने नुसता पाय लावला. १-०! मी उभी राहून ओरडले की काय ते आठवत नाही, पण शेजारच्या राखीव पोरीने माझा हात धरून खाली बसवलं. मॅनेजरने असं ओरडायचं नसतं म्हणे.

या सामन्यात एक गंमत झाली. आमच्याकडे बायका-पोरीही ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात. मी लिहिताना ‘गेले’ लिहिते, पण घरात ‘गेलो’च. तर आमची डावी बॅक चेंडू आला की ओरडायची, “सोड! मी घेतो!” आणि समोरची फॉरवर्ड दर वेळी चमकून मागे बघायची की मैदानात पुरुष कोण आला. सामन्यानंतर त्यांच्या कॅप्टनने विचारलंच, “तुम्ही सगळ्या मुलांसारखं का बोलता?” दहा नंबर म्हणाली, “मुलांसारखं न्हवं, कोल्हापूरसारखं.”

पण त्याआधी व्हायचं ते झालं. पंचाहत्तरावं मिनिट. डावीकडून खाली चेंडू आला, चार नंबरने पाय घातला बाहेर काढायला आणि तो तिच्या नडगीला लागून आमच्याच जाळ्यात. ज्या पोरीच्या आधारसाठी मी सायनच्या पुलाखाली उभी होते, तिचाच स्वयंगोल. १-१ वर सामना संपला. चार नंबर गोलखांबाला धरून बसली. मी पाण्याची बाटली घेऊन गेले, पण काय बोलायचं ते सुचेना. या खेळातलं मला काय कळतं?

दहा नंबर माझ्या आधी पोचली होती. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या वर्ल्ड कपची फायनल झाली, तेव्हा ती मामाबरोबर बघायला आली होती. ती चार नंबरसमोर उकिडवी बसली आणि सांगत राहिली. “स्पेन-कोलंबिया. ब्याऐंशी मिनिटं शून्य-शून्य. आन् मग कोलंबियाच्या बॅकनं आपल्याच गोलात घातला. वर्ल्ड कप गेला, येडे, वर्ल्ड कप! तुझा तर एक पॉइंट राहिलाय.” चार नंबरने नाक ओढलं. “मग ती काय केली?” दहा नंबर क्षणभर थांबली. “रडली. मग उठली. आन् काय करणार?”

प्रेक्षक एकतीस. पांढरी टोपी आली होती. या वेळी लांबूनच हात केला.

पाचवा दिवस

पाऊस नाही, ऊन नाही, नुसता घाम. तिघींचे पाय सोललेले, एकीचा घोटा सुजलेला, सरांचा घसा बसलेला. दोघींची परीक्षा तोंडावर, त्या गच्चीवर वाळत घातलेल्या जर्सींच्या सावलीत पुस्तक घेऊन बसलेल्या. बाकी दिवसभर झोप.

रात्री सर बसल्या आवाजात जुन्या गोष्टी सांगत होते. कोल्हापूरचा मुलींचा संघ, एफसी कोल्हापूर सिटी, २०२०मध्ये भारतीय महिला लीग खेळायला बेंगळुरूला गेला होता. देशातल्या बारा संघांत आपला एक. पोरींना हे माहीत होतं, मला नव्हतं. माझ्या घरात तीन पिढ्या फुटबॉलवर भांडतात आणि ही गोष्ट मला भायखळ्याच्या गच्चीवर कळली. घरी जाऊन सासऱ्यांना विचारायचं ठरवलं. (विचारलं. “हां, ऐकलं होतं,” म्हणाले आणि चॅनेल बदललं.)

सहावा दिवस : पुन्हा कूपरेज

या वेळी चारचा सामना, इमारतींची सावली अर्ध्या मैदानावर आलेली. सरांनी नाणेफेक जिंकल्यावर काय मागायचं ते कॅप्टनला आधीच सांगितलं होतं, पहिल्या अर्धात सावलीची बाजू. पण नाणं दुसरीकडे पडलं आणि समोरच्यांनीही तीच बाजू मागितली. एवढं डोकं सगळ्यांनाच असतं.

तरी मध्यंतराला १-१. उत्तरार्धात ऊन पुरतं उतरलं आणि आमच्या पोरी पळत सुटल्या. शेवटची दहा मिनिटं उरली असताना कॉर्नर मिळाला. सात नंबरने घेतला, गर्दीत चेंडू वर गेला आणि सगळ्यांच्या वरून एक डोकं आलं. चार नंबर. आवाज झाला तो मला अजून ऐकू येतो, कपाळाचा आणि चेंडूचा. २-१.

त्यानंतर समोरच्यांनी जे लावून धरलं! कीपरने एक चेंडू बोटांच्या टोकाने खांबाबाहेर काढला, दुसरा छातीवर घेतला. मी बर्फाची पिशवी घेऊन रेषेच्या कडेने धावत होते, कुणाच्या पायासाठी ते आता आठवत नाही. चौथ्या पंचांनी मला दोनदा मागे जायला सांगितलं. शिट्टी वाजली तेव्हा माझ्या पदरातून पाणी गळत होतं.

पाच सामने, सात गुण, सहा संघांत तिसरा नंबर. पुढच्या फेरीत दोनच संघ जातात, त्यामुळे आमचा हंगाम इथेच संपला.

वहीत त्या दिवसाच्या प्रेक्षकांचा आकडा नाही. मोजायचे राहून गेले.

परत

सातव्या दिवशी सकाळी कोल्हापूर. स्टेशनवर कीपरचे वडील आले होते, ट्रॅक्टरवरून थेट. त्यांनी तिची पिशवी घेतली, हातमोजे तिच्याच हातात राहू दिले. बाहेर रिक्षावाले शाहू स्टेडियमवर दुपारी कुणाची मॅच आहे यावर वाद घालत होते.

घरी येऊन सामान मोजलं. चेंडू आठ, बादली एक, चादर एक, बिब (सरावात जर्सीवरून घालायची बंडी) पंधरा. सोळा नेले होते. संध्याकाळी बांद्र्याच्या संघाच्या मॅनेजरबाईंचा फोन आला. “तुमचा एक पिवळा बिब आमच्याकडे आलाय हो. आणि आमचं कापूर-लवंगाच्या तेलाचं लेबल लावलेलं औषध तुमच्याकडे आलंय का?” पिशवी उपसली, तळाशी बाटली होती. ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे देते म्हटलं. नको, पुढच्या हंगामात आणा, म्हणाल्या. बिब त्यांनी धुऊन ठेवलाय.